गावाच्या पाण्याची सेवा: एक विहीर हाती घ्या

समाजासाठी काहीतरी करावं असं खूप जणांना वाटतं, पण त्या ‘काहीतरी’पाशीच गाडी अडते. शिबिरं होतात, फोटो निघतात आणि मन रितंच राहतं. समाधान हवं असेल तर ज्याचा निकाल त्याच दिवशी डोळ्यांना दिसतो असं काम धरा. गावच्या पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण हे असं काम आहे. टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत आणते, ती टाकायला जलसुरक्षक असतो. कमी पडतं ते रोज लक्ष घालणारं माणूस.

सुरुवात जलसुरक्षकापासून करा, सरपंचांपासून नव्हे. त्याचं मानधन तुटपुंजं आणि बोलणी भरपूर. ‘तपासायला आलोय’ असा सूर लागला की तो पुढे काही दाखवणार नाही. आठवडाभर त्याच्याबरोबर नुसते फिरा, बादली उचलू लागा. व्हॉल्व्ह कुठे आहेत, कोणती गल्ली शेवटी भरते, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

मग विहीर मोजा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली घ्या, टेपने व्यास घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 785, सगळं मीटरमध्ये, की लिटर मिळतात. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर साधारण 28,000 लिटर. चांगल्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं; तशी पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला 70 ग्रॅम पुरते. पहिल्या पावसात पाणी गढूळ होतं, तेव्हा मात्रा वाढवावी लागते. किती, ते खाली सांगितलेली ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजणारी चाचणी, सांगेल.

पावडर कोरडीच विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने पाण्यात सोडा आणि वर-खाली हलवत सर्वत्र पसरवा. गाळ विहिरीत टाकायचा नाही, पाण्याचा जडपणा वाढतो. तोंडाला रुमाल, हातात हातमोजे हवेतच. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर पाणी उपसू द्यायचं नाही. पंप चालू करून मग पावडर टाकली जाते, हे सर्रास घडतं. तेव्हा पहिल्या गल्लीला वास येतो आणि जंतू मात्र जिवंत राहतात.

आता ओटी टेस्ट. नळ थोडा वेळ वाहू द्या, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेत तेवढे थेंब टाका आणि रंग लगेच ताडून पाहा. उशीर केलात तर रंग गडद होत जातो आणि आकडा फसवा येतो. पिवळा रंग म्हणजे क्लोरीन आहे, रंगहीन म्हणजे नाही. शेवटच्या नळाला किमान 0.2 पीपीएम (म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम) क्लोरीन हवं. साथीच्या दिवसांत 0.5 धरा. थेंबांतलं रसायन विषारी आहे, म्हणून नळीतलं पाणी गटारात ओता आणि किट मुलांच्या हाती देऊ नका.

खरा शोध इथून पुढे सुरू होतो. टाकीजवळ 0.5 आणि शेवटच्या नळाला शून्य असेल तर पावडर वाढवत बसू नका. मधल्या प्रत्येक वळणावर टेस्ट घ्या. आकडा एकदम पडतो त्या टप्प्यात बहुतेक वेळा गळती असते, त्यातही पाईप गटारातून गेलेला असतो तिथे. पाणी सुटतं तेव्हा गळतीतून बाहेर येतं, बंद झालं की पाईपमधला दाब उतरतो आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं. जुलाबाचे रुग्ण एकाच गल्लीत का, याचं उत्तर कित्येकदा तिथेच असतं. आशाताईंना विचारा, त्यांच्या नोंदी आणि तुमचे आकडे शेजारी ठेवून पाहा.

टाकीजवळच आकडा येत नसेल तर आधी पावडरीचं पोतं पाहा. तोंड उघडं, ओलसर खोली, खिडकीतून ऊन: अशा पोत्यातलं क्लोरीन उडून जातं आणि उरतो चुना. पावडर झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. जुन्या साठ्याची तपासणी आरोग्य केंद्रामार्फत करून घेता येते.

हे सगळं एका वहीत लिहा: तारीख, वेळ, ग्रॅम, कोणता नळ, किती पीपीएम. पाईपदुरुस्तीचा अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. गळतीची जागा, तिथले आकडे आणि सोबत फोटो असेल तर टाळाटाळ करणं अवघड जातं. तरीही अर्ज पडून राहिला तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, जी ग्रामसभा आधी येईल तिथे मांडा आणि इतिवृत्तात नोंद करवून घ्या. मांडताना जलसुरक्षकाला पुढे बसवा. आकडे त्याचे आहेत, श्रेयही त्यालाच मिळू द्या.

दुरुस्ती झाली की त्याच शेवटच्या नळाला, त्याच घरातल्या माणसांसमोर पुन्हा टेस्ट घ्या. कालपर्यंत रंगहीन राहणारी नळी पिवळी होताना त्यांनाही पाहू द्या. त्या घरातल्या कोणाला तरी ओटी टेस्ट शिकवा, म्हणजे तुम्ही परगावी असाल त्या दिवशीही वहीतली ओळ रिकामी राहणार नाही.