स्वस्त वॉकी-टॉकीचे पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबण्यापूर्वीची तयारी

स्वस्तातला वॉकी-टॉकी हाती आला की तो किती लांबवर ऐकू जातो हे पाहण्याआधी तो कोणत्या सेवेत वापरायचा हे ठरवावे, कारण संच तोच असला तरी सेवा बदलली की नियम बदलतात. युरोपात पीएमआर ४४६ या कमी शक्तीच्या, सर्वसामान्यांसाठीच्या रेडिओ सेवेसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वैयक्तिक परवान्याविना खुला आहे, पण तेथे प्रक्षेपित शक्ती अर्ध्या वॅटपलीकडे जाता कामा नये आणि अँटेना संचाचाच भाग असावी लागते. अमेरिकेतील एफआरएस या तशाच सेवेलाही सुटी होणारी अँटेना चालत नाही. तेव्हा अँटेना हलकेच फिरवून पाहावी. ती आट्यांवरून सुटून आली, तर शक्ती कितीही कमी ठेवली तरी तो संच या दोन्ही सेवांसाठी बाद समजावा.

मग बॅटरी काढून खालचे लेबल वाचावे. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेचा क्रमांक असल्यास तो त्या संस्थेच्या खुल्या नोंदींत शोधावा आणि मान्यता नियमांच्या कोणत्या भागाखाली मिळाली हे पाहावे, कारण भाग १५ खालची नोंद केवळ रिसीव्हरपुरती असू शकते, प्रक्षेपणासाठी नव्हे.

परवानाधारक हॅमने (हौशी रेडिओचालकाने) मात्र लेबलावर थांबू नये. माझ्या मते खरी परीक्षा हार्मोनिकची, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतांवर उमटणाऱ्या नकोशा लहरींची आहे, आणि स्वस्त संच नापास होतात ते बहुधा इथेच, कारण खर्च वाचवताना आउटपुटकडच्या फिल्टरवर कात्री चालते. अमेरिकेच्या हॅम नियमांनुसार ३० ते २२५ मेगाहर्ट्‌झमधील, २५ वॅटपर्यंतच्या ट्रान्समीटरचे अनावश्यक उत्सर्जन २५ मायक्रोवॅटच्या आत राहिले पाहिजे. म्हणजे १४५ मेगाहर्ट्‌झवर ५ वॅट देणाऱ्या संचाचे २९० वरचे दुसरे हार्मोनिक मूळ लहरीपेक्षा सुमारे ५३ डेसिबल खाली हवे. तिसरे ४३५ वर, म्हणजे थेट दुसऱ्या हॅम पट्ट्यात उमटते, म्हणून तेही तपासावे. ५ वॅट सहज पेलणारा ४० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) मध्ये घातल्याशिवाय संच स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला (प्रत्येक वारंवारतेवरची शक्ती दाखवणाऱ्या उपकरणाला) कधीही जोडू नये. हार्मोनिक उंच दिसले तर आणखी १० डेसिबलचा अटेन्युएटर जोडून पाहावे: मूळ लहर १० ने उतरली आणि हार्मोनिक त्याहून बरेच अधिक उतरले, तर तो दोष संचाचा नसून अतिभाराने अ‍ॅनलायझरमध्येच निर्माण झालेला असतो. एकाच मॉडेलच्या दोन संचांत फरक निघतो, त्यामुळे मोजमाप प्रत्येक संचाचे स्वतंत्र व्हावे. मर्यादा ओलांडणारा संच लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) बसवेपर्यंत प्रक्षेपणाला वापरू नये.

शेवटी प्रोग्रॅमिंग. ज्या वारंवारतांवर बोलण्याचा अधिकार नाही, त्या ऐकण्यापुरत्या ठेवायच्या असल्यास त्यांचे प्रक्षेपण सॉफ्टवेअरमधून बंद करावे, जेथे १२.५ किलोहर्ट्‌झचे चॅनल आहेत तेथे नॅरो (अरुंद पट्टा) निवडावे आणि कीपॅडला कुलूप लावावे. अनुक्रमांक, मोजलेली शक्ती, हार्मोनिकचे आकडे व तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती संचाच्या खोक्यातच ठेवावी.