'आय' की 'मी'? इंग्रजीत कुठलं सर्वनाम कुठे लावायचं

आधीच सांगून ठेवतो, खाली अवतरणात 'मी' दिसला की तो इंग्रजीतला, म्हणजे आपला 'मला', नाहीतर वाचता वाचता डोक्याचा भुगा होईल.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन माणसं 'अँड'ने जोडली की. 'द बॉस कॉल्ड रवी अँड आय' ऐकायला कसं एकदम सुशिक्षित वाटतं, पण चूक. रवीला जरा बाजूला करा आणि परत म्हणा, 'द बॉस कॉल्ड आय'? नाही ना म्हणणार, मग रवी परत आला तरी 'मी'च राहणार. उलट 'मी अँड रवी वेन्ट' मधून रवी काढला की 'मी वेन्ट' उरतं, म्हणून तिथे 'रवी अँड आय वेन्ट'. मला वाटतं लहानपणी या दुसऱ्या चुकीवर इतकं टोकलेलं असतं की माणूस धास्तीने सगळीकडेच 'आय' लावत सुटतो.

'फॉर', 'विथ', 'टू' यांच्यानंतर कायम 'मी', 'हिम', 'हर', 'देम'. फक्त 'बिट्वीन'ला एकाला बाजूला करून बघायची युक्ती चालत नाही कारण त्याला दोघं लागतातच, तिथे जोडी काढून 'अस' टाकून बघा: 'बिट्वीन अस' बरोबर, 'बिट्वीन वी' कोणीच म्हणत नाही, म्हणजे 'बिट्वीन यू अँड मी'.

आपला खास घोटाळा म्हणजे मराठीतून उचलणं. 'मला भूक लागलीय' मधे 'मला' आहे म्हणून 'मी' येत नाही, 'आय ॲम हंग्री'च. इंग्रजी वाक्यातलं क्रियापद कोणाचं ते बघायचं, मराठी विभक्ती नाही.

'हू' की 'हूम'? उत्तर 'ही' येत असेल तर 'हू', 'हिम' येत असेल तर 'हूम', 'हिम' आणि 'हूम' दोन्हींच्या शेवटी म, लक्षात राहतं. पण 'द मॅन हू आय थिंक इज राइट' मधे 'आय थिंक' बघून फसू नका, ते मधेच घुसलंय, 'इज' हे 'हू'चंच आहे. बोलताना 'हूम' नाही वापरला तरी कोणी काही म्हणत नाही.

'दॅन'नंतर मात्र अर्थच फिरतो. 'शी लाइक्स हिम मोर दॅन मी' म्हणजे तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो, आणि 'दॅन आय' म्हणजे तो मला आवडतो त्याहून तिला जास्त. हे दुसरं लिहायची वेळ आली तर सरळ 'दॅन आय डू' लिहा, भांडणं वाचतील.

आणि दारावर टकटक करून 'हू इज इट' ला 'इट इज आय' म्हणायला जाऊ नका, नियमात बसतं पण फारच पुस्तकी वाटतं, सगळे 'इट्स मी'च म्हणतात.