गोधडीसाठी नवं कापड आधी धुवावं का?

गोधडीत जुन्या लुगड्यांसोबत नवं सुती कापड घालणार असाल, तर नवं आधी धुवाच. जुनी लुगडी आटायची तेवढी आटलेली असतात. नवं कापड मात्र पहिल्या धुण्यात आटतं आणि धावदोऱ्याभोवती चुण्या पडतात. शिवाय खळ निघून गेली की सुई अलगद जाते, बोटं दुखत नाहीत.

लाल, मरून, गडद निळ्या रंगांवर तर अजिबात विसंबू नका. पांढरी चिंधी ओली करून कोपऱ्यावर घासा. रंग लागला, तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते कापड वेगळं धुवा. तरीही रंग जातच राहिला, तर ते गोधडीत नकोच. धुवायचं ते अखंड कापड, कापलेल्या तुकड्यांचे दोरे सुटतात. किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवा, मग कात्री लावा.