प्लेटिंगच्या सांडपाण्यातली बुरशी: बाटली भरण्याआधीची तयारी

जड धातू सोसणारी बुरशी इलेक्ट्रोप्लेटिंगच्या, म्हणजे विजेने धातूचा मुलामा देण्याच्या, सांडपाण्यातून वेगळी करायची, असा प्रकल्प एम.एस्सी.ला बरेच जण घेतात. बुरशी मिळते, त्यात फारसं कौतुक नाही. क्रोमियम मिसळलेल्या माध्यमाच्या प्लेटवर ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढली, तर तिने क्रोमियम सोसलं एवढंच कळतं. तिने ते पाण्यातून काढलं का, हे कळायला हवं असेल तर तयारी नमुना आणण्याआधीच लागते.

आधी कारखान्याची लेखी परवानगी घ्या आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. कोणत्या टाकीत कोणतं पाणी येतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. झिंक आणि तांब्याच्या काही बाथमध्ये, म्हणजे मुलामा द्यायच्या द्रावणात, सायनाइड असतं. त्या पाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून सायनाइडच्या लाइनचं पाणी घेऊच नका. क्रोमच्या लाइनचं, प्रक्रियेआधीचं पाणी पुरे. जमल्यास तळाचा थोडा गाळही घ्या.

बाटल्या तीन लागतात आणि लेबलं घरूनच लावून न्यायची. बुरशीसाठीची बाटली निर्जंतुक, तिच्यात काही घालायचं नाही. बर्फाच्या पेटीतून आणून त्याच दिवशी नमुना माध्यमाच्या प्लेटवर पसरायचा. एकूण क्रोमियमची बाटली पॉलिथिनची, सौम्य नायट्रिक आम्लाने धुतलेली. तिच्यातल्या नमुन्याचा पीएच नायट्रिकनेच २ च्या खाली आणायचा. तिसरी क्रोमियम सहासाठी (क्रोमियमचं जास्त विषारी रूप), तिच्यात मात्र आम्ल नको, कारण आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की क्रोमियम सहाचं क्रोमियम तीन (कमी विषारी रूप) होतं. ती थंड ठेवून २४ तासांत तपासा.

बुरशी वाढवायचं माध्यम साधं पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार), पीएच ५.६ च्या आसपास, जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल. धातूचा स्टॉक (पुढे पातळ करून वापरायचं तीव्र द्रावण) करताना २.८२८ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एक लिटर पाण्यात, म्हणजे १००० मिग्रॅ/लिटर क्रोमियम. डायक्रोमेटचंच वजन पीपीएम म्हणून लिहिलेले प्रबंध दिसतात. त्यात क्रोमियम जेमतेम ३५ टक्के असतं. स्टॉक ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, माध्यम हाताला सोसेल इतकं निवल्यावर मिसळा. माध्यमातल्या साखरेबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) तापवला तर काही क्रोमियम सहा तिथेच बदलतं. १०० मिग्रॅ/लिटरसाठी १० मिली स्टॉक आणि ९० मिली माध्यम. माध्यमाची पावडर मात्र पूर्ण १०० मिलीची घाला. शिसं पहिल्या फेरीत नको, माध्यमातल्या फॉस्फेटबरोबर ते खाली बसतं आणि बुरशी फुकटची शूर ठरते.

आता कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने. खरा प्रकल्प इथेच आहे. धातूविना प्लेट हवीच, कारण तिच्यावरच्या वसाहतीच्या व्यासाने भागूनच सहनशीलता निर्देशांक निघतो. द्रव माध्यमात तीन फ्लास्क शेजारी शेजारी चालवा: जिवंत बुरशीचा, बुरशीच नसलेला, आणि ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या बुरशीचा. पेशीभित्तिकेतलं कायटिन मेल्यावरही धातू धरतं, त्यामुळे मेलेल्या बुरशीने जिवंतइतकंच काम केलं तर सगळं श्रेय पृष्ठभागाला जातं. डायफेनिलकार्बाझाइड या रंग देणाऱ्या रसायनाने ५४० नॅनोमीटरवर क्रोमियम सहा मोजा, एएएसवर (धातू मोजणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र) एकूण क्रोमियम. सहा घटलं आणि एकूण तेवढंच राहिलं, तर क्रोमियम फक्त रूप बदलून पाण्यातच आहे. एएएसची वेळ महिनाभर आधी मागून ठेवा. डायफेनिलकार्बाझाइडचं द्रावण तपकिरी बाटलीत ठेवा, रंग बदलला की फेका. प्रत्येक फ्लास्कचा पीएच सुरुवातीला आणि शेवटी टिपा, कारण नायजर ऑक्झॅलिक आम्ल सोडून तो खाली आणते. तुलनेसाठी नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा टिपून ठेवा: क्रोमियम सहा ०.१ आणि एकूण क्रोमियम २ मिग्रॅ/लिटर.

डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून, फ्यूम हुडमध्येच वजन करा. बीजाणू धरलेल्या प्लेट आडव्या लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटात) उघडू नका, त्याची हवा थेट तोंडावर येते. बायोसेफ्टी कॅबिनेट वापरा; दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याला द्यावं. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीसाठी लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू हा रंग पुरतो, पण प्रजातीचं नाव छापायचं असेल तर आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचं क्रमवाचन करा किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या बुरशीसंग्रहाकडे विचारणा करा.

शेवटी कचरा. क्रोमियमच्या प्लेट आणि द्रावणं बेसिनमध्ये ओतायची नाहीत. झाकणाचा वेगळा डबा आधीच ठेवा, आणि तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राकडे कोण पाठवणार, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.