कूर्चेच्या ऑपरेशननंतर गुडघा बिघडवणाऱ्या चुका

चौथ्या आठवड्यात एक काका दोन्ही कुबड्या एकाच हातात धरून, ऐटीत चालत आत आले. "बघा, जरासुद्धा दुखत नाही!" त्यांना टेबलावर झोपवलं. गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूचं पाणी तळहाताने वर सारलं आणि बाहेरच्या बाजूने हात खाली फिरवला, तर आतली खोलगट जागा टम्म फुगून आली. गुडघा पाण्याने भरला होता आणि काकांना पत्ता नव्हता.

कूर्चेच्या रुग्णांची पहिली आणि सगळ्यात महाग चूक हीच: दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणं. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेला गुळगुळीत थर. तिला मज्जातंतू नसतात, त्यामुळे ती दाबली गेली तरी ओरडत नाही. रक्तवाहिन्याही नसतात, म्हणून ती भरायला वेळ लागतो. मायक्रोफ्रॅक्चर नावाच्या ऑपरेशनमध्ये हाडाला बारीक भोकं पाडून, कूर्चा गेल्याने पडलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी जमू देतात, तिच्यातून पुढे नवा थर तयार होतो. सुरुवातीला ती गुठळी नुकत्या लागलेल्या दह्यासारखी असते, बोट टेकलं की खड्डा. तिच्यावर अख्ख्या शरीराचं वजन टाकलं तर काय राहणार?

म्हणून दुखतंय का, हे विचारू नका, टेप घ्या. शिंप्याकडची साधी टेप चालते. पाय सरळ ठेवून वाटीच्या बरोबर मध्यावर घेर मोजा, रोज सकाळी, त्याच जागी. बॉलपेनने खूण करून ठेवली तर उत्तम. आदल्या दिवसापेक्षा सेंटिमीटरभर वाढला तर काल काहीतरी जास्त झालं. मग दोन दिवस मागच्या पायरीवर यायचं: वजन कमी, पाय उंचावर, बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं. गरम शेक नको. आणि गावाकडून आलेल्या मावशींनी कितीही प्रेमाने तेल काढलं, तरी मालीश नको.

"थोडंच वजन टाका" म्हणजे किती, हे कुणालाच नीट कळत नाही. घरातला वजनकाटा पुढ्यात ठेवा, चांगल्या पायावर उभे राहा, ऑपरेशनचा पाय काट्यावर टेकवा आणि सांगितलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू दाबा. दहा किलो म्हणजे किती कमी, हे पाहून बहुतेकांचे डोळे उघडतात.

शेजाऱ्याचा तक्ता आपला नव्हे

आपल्याकडे गुडघ्यातलं काहीही बिघडलं की "गादी गेली" म्हणतात. मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती, तीही गादी आणि कूर्चाही गादी. मग मेनिस्कसचा फाटका तुकडा काढलेला भाचा दुसऱ्या दिवशी चालला, सांधा बदललेल्या आजी तिसऱ्या दिवशी चालल्या, मग मीच का सहा आठवडे कुबड्या घेऊ, असा हिशोब सुरू होतो. त्या दोघांच्या गुडघ्यात नवं काही रुजायचं नव्हतं.

दोन कूर्चावाल्यांचेही नियम सारखे नसतात. खड्डा मांडीच्या हाडाच्या टोकावर असेल तर साधारण सहा आठवडे वजनावर बंधन असतं. तो वाटीच्या मागे असेल तर ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) सरळ लॉक करून बऱ्याचदा लवकर वजन टाकू देतात, कारण पाय सरळ असताना वाटीवर फारसा दाब येत नाही. पण अशा माणसाने वाकलेल्या गुडघ्यावर जिना चढला की घोटाळा. म्हणून डिस्चार्ज कार्ड घेऊनच फिजिओथेरपिस्टकडे जा. खड्डा कुठे, केवढा आणि काय केलं, हे त्यावर नसेल तर सर्जनकडून लिहून घ्या. व्हिडिओ बघून व्यायाम करणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की त्या व्हिडिओतल्या बाईंचा खड्डा कुठे होता?

गुडघ्याखाली उशी घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे लंगडणं जात नाही. उशी काढा. सर्जनची हरकत नसेल तर टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घ्या आणि दहा मिनिटं पाय आपल्या वजनाने सरळ होऊ द्या.

याउलट काही जण भीतीने पाय हलवतच नाहीत. कूर्चेचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं आणि ते हालचालीने आत-बाहेर खेळतं. म्हणून तर काही सर्जन पाय आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन रोज सहा-आठ तास लावायला सांगतात. वजन न टाकता, ठरवून दिलेल्या अंशापर्यंत वाकवायचं.

मांडीचा स्नायू आवळायला सांगितलं आणि नुसता नितंबच आवळला जातोय? गुडघ्यात पाणी असलं की हा स्नायू झोपतो, यात तुमचा आळस नाही. आधी सूज उतरवा. मग चांगल्या पायाचा स्नायू आवळून बघा, तसंच दुसऱ्या पायाला करा आणि वाटीच्या वरच्या भागावर बोटांनी टिचक्या मारा. तरीही जागा होत नसेल तर विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र लावून घेता येतं. पाय सरळ उचलताना गुडघा खाली लोंबत असेल, तर तो व्यायाम अजून तुमचा नाही.

मांडी घालणं, उकिडवं बसणं, भारतीय संडास हे सगळं सर्जनने मोकळीक देईपर्यंत बंद. कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड भाड्याने मिळतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

धावणं सहाव्या महिन्याआधी नाहीच. कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून खड्ड्यात बसवल्या असतील तर फुटबॉल, कबड्डीसारख्या खेळांना वर्ष, कधी दीड वर्षही लागतं.

पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं किंवा गुडघा मध्येच अडकला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.