दख्खनी मेंढीची लोकर हातानं कातताना या चुका टाळा

चातीवर, म्हणजे सूत कातायच्या तकळीवर, धागा तुटला की हात कच्चा आहे, असं म्हणून लोक नाद सोडतात. दख्खनी लोकरीत मात्र दोष बहुधा आधीचाच असतो, कातरताना नाहीतर धुताना झालेला. ही लोकर आखूड आणि राठ, त्यात मऊ तंतूंबरोबर जाड केसही असतात. मेरिनोसारख्या मऊ लोकरीच्या मेंढीसाठीच्या सूचना तिला जशाच्या तशा लावू नका.

कच्ची लोकर निवडताना

मेंढ्या ओढ्यावर धुतल्या की अंग पूर्ण सुकल्यावरच कातरायला घ्या. ओलसर लोकर पोत्यात दाबली तर पिवळी पडते आणि तो पिवळेपणा धुण्यानं जात नाही. कात्री एकाच जागी दोनदा फिरली की बारीक तुकडे पडतात. सुतात ते धरत नाहीत, नुसत्या गुठळ्या होतात. लोकर झटकून ते आधीच पाडा.

विकत घेताना पेन्सिलीएवढी बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका देऊन ताणा. मध्येच तुटली तर ती मेंढी दुष्काळात उपाशी राहिली असेल किंवा आजारी पडली असेल. अशी लोकर उशीत भरा, कातू नका. कोकराची पहिली कातरण, म्हणजे जावळ, वेगळी ठेवा. मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळली की तिचा मऊपणा वाया जातो.

सगळ्यात जास्त नुकसान धुण्यात

धुण्याचा सोडा वापरू नका. तो तीव्र क्षारी असतो, त्यानं तंतू ठिसूळ आणि खरखरीत होतो. या लोकरीत चिकटा, म्हणजे मेंढीच्या अंगचा तेलकटपणा, मुळात कमी, त्यामुळे रिठा पुरतो. अर्धा किलो लोकरीला साधारण ७५ ग्रॅम रिठ्याची टरफलं रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवा, पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि दहा-बारा लिटर गरम पाण्यात मिसळा. पाणी ५० अंशांच्या आसपास हवं. लोकर अलगद बुडवून वीस मिनिटं तशीच राहू द्या.

इथे हात शिवशिवतात आणि लोक चोळायला लागतात. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकून जेन, म्हणजे नमद्यासारखा घट्ट थर, तयार होतं, आणि ते सुटत नाही. वरून धार सोडल्यानं किंवा गरम पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकल्यानंही तेच होतं. म्हणून खंगाळायचं पाणीही तितकंच गरम घ्या. पहिलं पाणी निवेपर्यंत थांबलात तर सुटलेला चिकटा परत लोकरीवर बसतो. रिठ्याचं हे मळकं पाणी झाडांना घाला. मेंढीच्या घामातलं पालाश त्यात उतरलेलं असतं.

पिंजताना

हातपिंजणीवर एका वेळी दहा ग्रॅमपेक्षा जास्त लोकर घेतली की आतली न पिंजताच गोळा होते. उन्हाळ्यात कोरडी लोकर उडते, पिंजणीला चिकटते. आदल्या रात्री पाण्यात थोडं शेंगदाणा तेल फेटून हलकं शिंपडा. जवसाचं तेल नको, ते वाळून चिकट थर धरतं.

कातताना

धागा कुठे जाड, कुठे बारीक होतो, कारण पीळ नेहमी बारीक जागी धावतो. जाड भाग बिनपिळाचा राहतो आणि तिथे धागा सरकून सुटतो. पीळ शिरलेल्या जागेवर ओढत राहिलात तर काहीच लांबत नाही. चिमूट थोडी मागे न्या, पीळ उलगडा, मग ओढा. दोन्ही चिमटींमधलं अंतर तंतूच्या लांबीहून किंचित जास्त ठेवा.

धागा तुटला तर टोक बघा. तंतू विस्कटून सुटले असतील तर पीळ कमी पडला. टोक कुरळं होऊन कडक तुटलं तर पीळ जास्त झाला. आखूड लोकरीला पीळ थोडा जास्तच लागतो, पण सुताला स्वतःहून गाठी पडायला लागल्या की थांबा.

दुपदरी करताना चाती उलट दिशेनं फिरवा. त्याच दिशेनं फिरवली तर सूत तारेसारखं ताठ होतं. लड कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून सावलीत टांगा. खाली जड वजन अडकवलं की सूत तात्पुरतं सरळ दिसतं आणि पुढच्या धुण्यात आटतं.

कसर मळकट, तेलकट सुतावर आधी पडते. डांबरगोळ्या कशाला? पिंजताना घातलेलं तेल रिठ्यानं काढून टाका, लडी घट्ट विणीच्या सुती पिशवीत बांधा आणि अधूनमधून उन्हात झटका.