काहीच त्रास नाही, तरी शुगर आहे का, हे कसं ओळखावं?

‘मला कुठे काय होतंय?’ टाइप २ मधुमेह उशिरा सापडण्याचं सर्वांत मोठं कारण हे वाक्य आहे. खूप तहान लागणं, रात्री उठून लघवीला जावं लागणं, वजन झपाट्यानं उतरणं ही लक्षणं साखर बऱ्यापैकी वर गेल्यावरच दिसतात. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली (पुढचे साखरेचे आकडेही याच मापात) की मूत्रपिंडाला ती पूर्ण परत शोषता येत नाही आणि ती लघवीत उतरते. मग पाणी जातं आणि तहान लागते. उपाशीपोटी १३५ साखर असलेल्या माणसाला मधुमेह असतो, पण त्याला काहीही जाणवत नाही. त्यामुळे ‘लघवीला मुंग्या लागत नाहीत’ किंवा ‘लघवीत शुगर निल आली’ यावर निर्धास्त राहू नये.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडिआब या देशव्यापी मधुमेह पाहणीत (२०२३) देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आला. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात होतं, २६.४ टक्के. यातल्या अनेकांना पाहणीत रक्त काढेपर्यंत पत्ताही नव्हता.

आधी टेप काढा

सरसकट सगळ्यांनी लॅबमध्ये धावायची गरज नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं खास भारतीयांसाठी एक सोपा गुणांक तयार केला आहे. त्याला रक्त लागत नाही, फक्त चार गोष्टी पाहायच्या:

- वय: ३५च्या आत ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० आणि पुढे ३०.
- पोटाचा घेर: बायकांना ८० सेंमीच्या आत ०, ८० ते ८९ला १०, ९०पासून पुढे २०. पुरुषांना ९०च्या आत ०, ९० ते ९९ला १०, १००पासून पुढे २०.
- हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हीपैकी एक असेल तर २०, व्यायाम नाही आणि कामही बैठं असेल तर ३०.
- आईवडील: कुणालाच मधुमेह नसेल तर ०, एकाला असेल तर १०, दोघांना असेल तर २०.

बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा समजायचा. ४२ वर्षांचा, दिवसभर खुर्चीत बसणारा, ९४ सेंमी घेराचा, आईला मधुमेह असलेला हिशेबनीस घ्या. २० अधिक १० अधिक ३० अधिक १०, म्हणजे थेट ७०.

घेर पँटच्या नंबरावरून धरू नका. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि ‘माझी कमर ३४च’ म्हणून खूश असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर टेप लावायची. पोट आत ओढायचं नाही.

आणि बारीक माणसांनी सुटलो म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे काटा निर्दोष वजन दाखवतो तेव्हाही चरबी पोटात साठलेली असू शकते. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३पासूनच वजन जास्त धरतात.

गुण कमी असले तरी या गोष्टी पाहा

मानेच्या मागे, काखेत मळ साचल्यासारखी काळपट, मखमली झाक दिसते का? लोक ती लिंबू चोळून, दगडानं घासून काढायला बघतात, पण तो मळ नसतो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. तिथेच बारीक लोंबते मस असतील तर संशय आणखी वाढतो. जांघेत परत परत येणारी बुरशी, भरून न येणारी जखम, हिरड्यांचे सारखे त्रास, तळपायाला मुंग्या, थोड्याच काळात बदललेला चष्म्याचा नंबर, यांतलं काहीही एकटं आलं तर लोक त्याला मधुमेहाशी जोडत नाहीत. डॉक्टरांना मात्र आवर्जून सांगा.

गरोदरपणात शुगर वाढली होती, पीसीओएस (बीजांडकोशाचा, पाळी अनियमित करणारा विकार) आहे, बीपीची गोळी चालू आहे किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घेतलं आहे, अशांनी बेरजेची वाट न पाहता तपासून घ्यावं.

वयाची तिशी ओलांडली असेल तर सरकारी उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात ही प्राथमिक तपासणी मोफत होते. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तेव्हा ‘आम्ही ठणठणीत’ म्हणून परत पाठवू नका.

कोणती टेस्ट करायची

बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर आलेला आकडा निदानाला चालत नाही. चांगल्या यंत्रातही १५ टक्क्यांपर्यंतची चूक मानकांनुसार मान्य असते. खरी साखर १२६ असेल तर यंत्र १०७ही दाखवेल आणि १४५ही. निदान शिरेतल्या रक्तावर, लॅबमध्येच करायचं. मार्ग तीन:

उपाशीपोटी साखर: १२६ किंवा जास्त.
७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी: २०० किंवा जास्त.
एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी): ६.५ टक्के किंवा जास्त.

आपल्याकडे सर्रास ‘फास्टिंग-पीपी’ लिहून देतात. त्यातली पीपी म्हणजे घरून जेवून दोन तासांनी दिलेलं रक्त. एकानं दोन पोळ्या खाल्ल्या, दुसऱ्यानं पुरणपोळी चेपली. दोघांचे आकडे एका फूटपट्टीनं मोजता येत नाहीत. मधुमेह आधीच असलेल्याचा ताबा बघायला पीपी उत्तम, पण नव्यानं निदान करायला ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी, म्हणजे जीटीटी, हवी. भारतीयांत अनेकदा उपाशीपोटीचा आकडा ठीक असतो आणि दोन तासांचाच बिघडलेला असतो. धोका मोठा असेल आणि नुसती फास्टिंग १०५-११० अशी घोटाळत असेल, तर जीटीटी करूनच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेस्टच्या आधीचे तीन दिवस

रिपोर्ट सर्वांत जास्त इथेच फसतो. ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणून भात-पोळी बंद करणारे खूप. जीटीटीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. कमी खाल्लं तर शरीराची सवय सुटते आणि दोन तासांचा आकडा उलट खोटा वर येतो. ताप किंवा मोठं आजारपण चालू असेल तर बरं झाल्यावर जा.

आदल्या रात्री वेळेत जेवा. पोट ८ ते १४ तास रिकामं हवं. पाणी चालतं. बिनसाखरेचा चहासुद्धा चालत नाही, तंबाखूची चिमूटही नाही. लॅबमध्ये ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास तिथेच बसून राहायचं. बाजार उरकून येतो म्हणून निघालात तर स्नायू साखर वापरून टाकतात.

घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना विचारा की नमुना किती वेळात लॅबला पोचतो. नळीतल्या रक्तपेशी साखर खातच राहतात; रक्त तसंच राहिलं तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. १२८ची ११५ व्हायला दोन तास पुरतात. म्हणून साखरेसाठी फ्लुओराइडची, बहुधा करड्या झाकणाची, नळी वापरतात. तीही पहिल्या तासाभराची घट पूर्ण थांबवत नाही. काठावरचा आकडा असेल तर सरळ लॅबमध्ये जाऊन रक्त द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर

लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. दोन निकाल हवेत: एकाच नमुन्यात फास्टिंग आणि एचबीए१सी दोन्ही वर, किंवा वेगळ्या दिवशी तीच टेस्ट पुन्हा वर. एक वर आणि एक खाली असेल तर जी वर आली तीच परत करायची. एका रिपोर्टवर घाबरून शेजारच्यांची गोळी सुरू करणारेही आहेत आणि ‘लॅबचीच चूक’ म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकणारेही. लक्षणं असतील आणि कुठल्याही वेळची साखर २००च्या वर असेल, तर मात्र दुसऱ्या टेस्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

एचबीए१सी सोयीची, उपाशी राहावं लागत नाही. पण ती हिमोग्लोबिनवर मोजतात, त्यामुळे हिमोग्लोबिनच बिघडलेलं असेल तर आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेनं ती खोटी वाढू शकते, आणि आपल्याकडच्या किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे सांगायला नको. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या भागांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आढळतो, तिथेही हिच्यावर विसंबू नये. थॅलेसेमिया, नुकतंच चढवलेलं रक्त, मोठा रक्तस्राव, गरोदरपण, या सगळ्यांत थेट साखरच मोजायची.

फास्टिंग १०० ते १२५, दोन तासांची १४० ते १९९ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. ‘बॉर्डरला आहे’ म्हणून सोडून देतात ती हीच. यांनी दरवर्षी तपासायचं. सगळं ठीक आलं तर तीन वर्षांनी पुन्हा. गरोदरपणी शुगर वाढलेल्या बायकांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या सुमारास जीटीटी करायची आणि पुढे ठराविक काळानं तपासत राहायचं. बाळाच्या लसीच्या तारखा पाठ असतात आणि आईची टेस्ट राहून जाते.

निदान पक्कं झालं तर त्याच महिन्यात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनीन, कोलेस्टेरॉल आणि पायांची संवेदना तपासून घ्या. साखर नेमकी केव्हापासून वाढली होती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि पहिल्याच भेटीत पडद्यावर डाग सापडलेले रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत.